पॅकेजसाठी धरलेली जागा

सुरतच्या स्टँडवर खानदेशाकडची गाडी लागली की दाराशी धक्काबुक्की करणारा माणूस नवखा समजावा. जुनी माणसं खिडकीकडे धावतात. रुमाल, टॉवेल, पिशवी, जे हाताला लागेल ते खिडकीतून सीटवर टाकायचं आणि मग सावकाश चढायचं. एकदा तर मी तान्ह्या मुलाचं टोपडं पडलेलं पाहिलं आहे. टाकलेल्या रुमालावर कोणी बसत नाही. भांडणं होतात, नाही असं नाही, पण ती कोणाचा रुमाल आधी पडला यावरून.

आम्ही सुरतेत राहिलो तेही असंच. गावाकडून कोणी यायचं ठरलं की माणूस येण्याआधी त्याची जागा धरलेली असायची. खोलीत अंथरुणापुरती, मशीनवर कोणी खाडा करेल तेवढ्यापुरती. मी लग्न होऊन लिंबायतच्या खोलीत आले तेव्हा माझ्याही आधी माझा हंडा नळाच्या रांगेत लागलेला होता. शेजारणीने लावला होता. मी तिला तोवर पाहिलंही नव्हतं. परक्या गावात पहिल्या सकाळी मला वेळेवर पाणी मिळालं ते त्या हंड्यामुळे. ते मी विसरले नाही.

हे आधी सांगते, कारण पुढे माझ्या हातून जी चूक झाली ती याच सवयीने झाली.

मी सातवी शिकलेली. गावात शाळा तेवढीच होती, पुढची नदीपलीकडे, आणि वडील म्हणाले, पुरे. सुरतेत आल्यावर पलसाण्याच्या रस्त्यावर एका प्रोसेस हाऊसमध्ये लागले. कोरं कापड आत यायचं आणि रंगून बाहेर पडायचं. मी फोल्डिंगला होते. दिवसभर उभं राहून साड्यांच्या घड्या घालायच्या. कमरेतून कळ निघायची, पण सगळ्याच बायांच्या निघायची, म्हणून त्याचं कोणी बोलत नसे.

तिथले डाइंग मास्तर उत्तर प्रदेशचे, वयस्क. एकदा त्यांनी मोरपंखी रंगाचे दोन तुकडे माझ्यासमोर धरले. ‘कौन सा पुराना लॉट है?’ मी बोट दाखवलं. त्यांनी आणखी दोन धरले. तेही बरोबर निघाले.

‘बिटिया, तेरी आँख में रंग टिकता है,’ असं म्हणून त्यांनी मला लॅबमध्ये नेलं. काम साधं, रंगाच्या नमुन्यांचे तुकडे कार्डावर चिकटवायचे आणि शेजारी नंबर लिहायचा. पण बसून करायचं! पहिले आठ दिवस मी खुर्चीच्या कडेवरच बसत होते, कोणी उठ म्हणालं तर पटकन उठता यावं म्हणून.

लॅबच्या बाजूला काचेची खोली होती. तिथे मिलचा कॉम्प्युटर. मशीन एकच, आणि स्टोअरपासून डिस्पॅचपर्यंत त्याची सहा टर्मिनलं. विंडोज वगैरे नाही, युनिक्स. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. माऊस मी पुढे कितीतरी वर्षांनी पाहिला. तिथला ऑपरेटर चष्म्यातला, फार हळू बोलणारा गुजराती गृहस्थ. तो मुंबईला चालला होता, आणि जाण्याआधी कोणाला तरी शिकव, असं साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, सांगितलं होतं. त्या खोलीत जायला सगळे घाबरत. घाबरत मीही होते, पण मास्तरांनी माझं नाव सांगून टाकलं होतं, आणि त्यांच्या शब्दाला मी नाही कशी म्हणणार?

दोन महिने तो शिकवत होता. मी दोनशे पानी वही केली. त्यात सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या, आणि पुढे माझ्या भाषेत अर्थ. ‘एल एस: घरात काय काय आहे ते दाखव.’ ‘आर एम: फेकून दे. (दोनदा विचार कर.)’ तो वही पाहून हसायचा, पण चुकलेलं दुरुस्तही करून द्यायचा. जाताना म्हणाला, ‘बेन, ही वही कोणाला देऊ नका. हीच तुमची डिग्री.’

तो गेल्यावर साहेबांनी मला खुर्चीवर बसवलं ते ‘नवीन माणूस मिळेपर्यंत’. प्लेग येऊन गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि शहर पुन्हा भरलं होतं, माणसं मिळत होती. साहेबांचा भाचा नवसारीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होता, त्याचा निकाल महिन्यावर आला होता. साहेब वाईट नव्हते. पण दर आठवड्याला एकदा तरी काचेतून डोकावून म्हणत, ‘बेन, फावतंय ना? नाहीतर भाणियो छे ज ने.’ भाचा आहेच. मी हसून मान हलवायची आणि नंतर बराच वेळ माझ्या हातांना अक्षरं सापडायची नाहीत. मी गावी पत्र लिहून बसले होते की मला कॉम्प्युटरवर घेतलं. आईने ते पत्र गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं होतं. आता फोल्डिंगला परत गेले तर ते कोणत्या पत्रात लिहायचं?

त्याच सुमारास मिलने रंगांचं पॅकेज, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्रॅम, घेतलं. मास्तरांच्या जाड वहीत शेकडो शेडच्या, म्हणजे रंगछटांच्या, रेसिपी होत्या. कोणत्या रंगात काय किती घालायचं ते मशीनमध्ये चढवायचं, म्हणजे जुना रंग पुन्हा मागितला की अंदाज करत बसायला नको. पॅकेज बडोद्याच्या एका छोट्या कंपनीचं. त्यांचा इंजिनिअर येऊन बसवून देणार होता.

साहेब म्हणाले, ‘बेन, तो ऑपरेटरचाही रिपोर्ट लिहिणार आहे. पॅकेज सांभाळण्यालायक माणूस आहे की नाही. मग आपण ठरवू.’

झालं. माझी जेवणावरची वासना उडाली.

दहा दिवस आधी कंपनीचं इंग्रजी पत्र आलं, काय काय तयार ठेवा याचं. मी डिक्शनरी घेऊन शब्द शब्द लावला. मशीनवर इतकी जागा मोकळी ठेवा. प्रिंटर जोडून ठेवा. हे पॅकेज ‘शेड’ नावाच्या ग्रुपमध्ये चालतं, त्यात कोण कोण असेल ती नावं ठरवून ठेवा.

ग्रुप म्हणजे काय ते सांगते. मशीन सगळ्यांचं एक, मग कोणी काय उघडायचं हे ठरवायला माणसांचे ग्रुप करावे लागत. स्टोअरच्या ग्रुपमधल्याला स्टोअरच्या फाइली, डिस्पॅचमधल्याला डिस्पॅचच्या. ग्रुप करायची आज्ञा माझ्या वहीत होती आणि मशीनची मुख्य किल्ली, रूटचा पासवर्ड, माझ्याकडे होता. म्हटलं, पाहुणा बडोद्याहून येणार, त्याला कशाला तेवढं काम? मी ‘शेड’ नावाचा ग्रुप करून ठेवला. त्यात मास्तर, साहेब, लॅब आणि मी, अशी चार नावं घातली. वर मास्तरांच्या वहीतल्या साठेक शेड एका फाइलीत टाइप करून त्या ग्रुपच्या नावे ठेवल्या, नंतर तेवढंच सोपं जाईल म्हणून. टेबल पुसलं. त्या आठवड्यातली मला झोप लागलेली तेवढीच एक रात्र.

इंजिनिअर सोमवारी आला. पंचवीस-सव्वीसचा असेल, माझ्याच वयाचा. बॅगेत सात फ्लॉप्या. ‘बेन, अडधा कलाकमां काम पूरुं,’ म्हणाला, अर्ध्या तासात आटोपतो.

एकामागे एक सात फ्लॉप्या गेल्या. सातवी संपली, पडदा क्षणभर थांबला, आणि इंग्रजीत एवढंच आलं की पॅकेज बसलं नाही, कोड नऊ. मग मशीनने घेतलेलं सगळं परत पुसून टाकलं.

त्याने पुन्हा पहिलीपासून घातल्या. पुन्हा नऊ. बॅगेतून छापील कागद काढला. त्यावर पॅकेजच्या चुका आणि त्यांचे अर्थ होते, एक ते सहा. नऊ नव्हताच.

‘सातवी फ्लॉपी बिघडलेली दिसते,’ तो म्हणाला. मग म्हणाला ड्राइव्हमध्ये कापडाच्या तंतूंची धूळ गेली असेल. आमच्याकडे ती डाळीतसुद्धा जाते, म्हणून मलाही ते पटलं. आम्ही काडीला कापूस लावून, स्पिरिटमध्ये बुडवून ड्राइव्ह पुसला. मी कंदील धरावा तसा टॉर्च धरून उभी. तिसऱ्यांदा नऊ.

साहेब काचेतून डोकावले. ‘शुं भाई? अडधो कलाक पती गयो?’ संपला का अर्धा तास, असं.

त्याचे कान लाल झाले. मला त्याची दया आली आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, की चुकतंय ते त्याचं, माझं नाही.

त्याने बडोद्याला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नव्या फ्लॉप्यांचा संच आला. मंगळवारी दुपारपर्यंत तोही दोनदा घालून झाला. नऊ. मग पुन्हा फोन. या वेळी पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता की मला ऐकू येत होतं. फ्लॉप्यांच्या कॉपी करणारी एक बाई त्यांच्याकडे होती. तिने कॉपी नीट केली होती की नाही, कोणाशी गप्पा मारत केली, असं तो तिला तिथेच, फोन हातात धरून, झापत होता.

इंजिनिअरने फोन ठेवला. म्हणाला, ‘रडते आहे ती. नवीनच लागली आहे. परत असं झालं तर काढतील तिला.’

‘तिचीच चूक आहे का?’ मी विचारलं.

‘दोन्ही संच तिचेच. मग आणखी कोणाची?’

संध्याकाळी घरी येऊन मी वही काढली. काही शोधायचं असं नव्हतं. भीती वाटली की मी वही उघडून बसते, एवढंच. स्टोअरच्या ग्रुपच्या पानावर आले. सुरुवातीला माझ्या हातून तो ग्रुप दोनदा करण्याचा प्रयत्न झाला होता, आणि त्या चष्म्यातल्या ऑपरेटरने मशीनला कारण कसं विचारायचं ते शिकवलं होतं. खाली माझ्याच अक्षरात होतं:

‘डॉलर आणि प्रश्नचिन्ह: आत्ता काय झालं ते सांग. शून्य आलं तर झालं. नऊ आलं तर या नावाचा ग्रुप आधीच आहे.’

मी ते तीनदा वाचलं. पॅकेज आपला ग्रुप स्वतः करणारं होतं. पत्रात नावं ठरवून ठेवा म्हटलं होतं, ग्रुप करून ठेवा असं कुठेच नव्हतं. सातवी फ्लॉपी संपली की ते ग्रुप करायला जाई, मशीन म्हणे आहे आधीच, आणि ते सगळं गुंडाळून परत फिरे. मी ज्याच्यासाठी रुमाल टाकला होता तोच पाहुणा रुमाल पाहून गाडीतून उतरत होता.

‘काय व्हयनं तुले?’ नवऱ्याने विचारलं. ते रातपाळीला निघण्याआधी जेवायला बसले होते. ‘भाकर थंडी व्हई ऱ्हायनी.’

मी सगळं सांगितलं. ग्रुप वगैरे त्यांना किती कळलं देव जाणे, पण चावता चावता थांबले.

‘तू काय चोरी करी का? जागाच त धरी व्हती.’

‘साहेबांचा भाचा पास होणार आहे या महिन्यात.’

ते ताटावरून उठले. हात धुताना म्हणाले, ‘सकायले जाईसन सांगी दे. तो बिचारा परगावथीन येल शे.’

मी हो म्हटलं. पण मनात दुसरंच होतं. किल्ली माझ्याकडे होती. सकाळी लवकर जायचं, ग्रुप काढून टाकायचा, आणि मग इंजिनिअर आला की म्हणायचं, भाई, एकदा परत घालून बघा ना. पॅकेज बसेल. कोणाला काही कळणार नाही. लबाडी तरी कशी म्हणायची, दुरुस्तीच तर होती.

बुधवारी मी पहिल्या मिनीबसने गेले. काचेच्या खोलीत कोणी नव्हतं. पासवर्ड घातला, वहीत बघून ग्रुप काढायची आज्ञा टाइप केली. एंटर तेवढा राहिला होता.

आणि मला ती बडोद्याची बाई आठवली. मी एंटर दाबला असता तर माझी खुर्ची वाचली असती, पण मग सगळ्यांनी काय समजलं असतं? की चौदा फ्लॉप्या खराबच होत्या, कशाबशा एकदा चालल्या. तिचं काय झालं असतं? तीही कुठल्या तरी खुर्चीच्या कडेवर बसत असणार. माझा हंडा न पाहिलेल्या बाईने रांगेत लावला होता, आणि मी न पाहिलेल्या बाईचा हंडा उचलून बाजूला ठेवणार होते.

मी टाइप केलेलं पुसलं आणि वही उघडी ठेवून वाट पाहत बसले.

इंजिनिअर आला तो दाढी न करता. बॅगही उघडली नाही. ‘आज परत जातो, बेन. रिपोर्टमध्ये लिहितो, बसत नाही.’

‘भाई,’ मी म्हटलं, आणि पुढचं हिंदीत आलं की गुजरातीत की मराठीत, आठवत नाही. ‘फ्लॉपी बरोबर आहे. त्या बेनची चूक नाही. ग्रुप मी केला होता आधी. तुम्हाला सोपं जावं म्हणून.’

‘कयुं ग्रुप?’

मी वहीतलं पान पुढे केलं. देवनागरी त्याला वाचता येत होती. बोट ठेवून नऊपाशी आला आणि तिथेच थांबला.

‘अरे!’ तो खुर्चीत बसला. ‘हा नऊ आमच्या पॅकेजचा नव्हेच. मशीन आम्हाला सांगतंय आणि आम्ही तसाच पडद्यावर फेकतोय. दोन दिवस मी आमच्या कागदात शोधतोय!’

मला वाटलं आता रागावेल. तो हसायला लागला. मोठ्याने नाही, दोन दिवस बसमध्ये उभ्याने आलेल्या माणसाला सीट मिळाल्यावर येतं तसं. मी त्याला स्टँडवरच्या रुमालाचं सांगितलं, की आमच्याकडे पाहुण्याची जागा आधी धरतात, म्हणून केलं. त्यावर आणखीच हसला. मग एकदम उठून फोनकडे गेला. आधी बडोदा लावलं. म्हणाला, ‘त्या बेनला फोनवर बोलवा. नाही, तिलाच. मला तिलाच सांगायचं आहे.’

परत येऊन म्हणाला, ‘तुम्हीच काढा ग्रुप. तुमचा आहे.’

मी काढला. या वेळी एंटर दाबला. मग पहिली फ्लॉपी, दुसरी, तिसरी. सातवी संपली. पडदा थांबला. मी देवाचं नाव घेतलं, त्यानेही घेतलं असावं. पुढची ओळ आली आणि तिच्यात नऊ नव्हता.

तरी एक काम उरलं. मी टाइप केलेल्या साठ शेडच्या फाइलीपुढे ग्रुपचं नाव जाऊन नुसता एक आकडा उभा होता. घर पाडलं तर पाटीच्या जागी नुसता खिळा राहावा तसा. तिला नव्या ग्रुपच्या नावे केलं, चार माणसं पुन्हा आत घातली. ते सगळं माझ्याच वहीतून झालं, त्याने नुसतं पाहिलं.

मग रिपोर्टचा कागद निघाला. साहेब आणि मास्तर दोघे येऊन उभे राहिले.

‘ऑपरेटरचं शिक्षण?’ इंजिनिअरने विचारलं.

‘सातवी,’ मी म्हटलं.

‘सातवी?’ साहेब. ‘मी तर मॅट्रिक समजत होतो!’

‘हमसे पूछते तो बता देते,’ मास्तर शांतपणे म्हणाले. ‘आपने कभी पूछा नहीं.’

इंजिनिअरने सगळं खरं सांगितलं. ग्रुप मी आधी केला म्हणून दोन दिवस गेले हे, आणि नऊचा अर्थ माझ्या वहीत सापडला हेही. काही लपवलं नाही. मी फरशीकडे बघत होते. फोल्डिंगच्या टेबलापाशी माझी जुनी जागा अजून रिकामी असेल का, असा विचारही येऊन गेला.

साहेबांनी वही हातात घेतली. पानं उलटली. ‘आर एम: फेकून दे, दोनदा विचार कर,’ त्यांनी मोठ्याने वाचलं आणि ओठ दाबले. मग वही बंद करून माझ्यासमोर ठेवली.

‘माझ्या भाच्याची फी मी भरली,’ ते म्हणाले, ‘आणि त्याला प्रिंटरमध्ये कागद सरळ घालता येत नाही. बेन, दोन दिवस खाल्लेत तुम्ही माझे. मास्तरांच्या उरलेल्या शेड कधी चढणार?’

‘आजपासून,’ मी म्हटलं.

‘तो बेसो. उभ्या कशाला आहात?’

मी बसले. पूर्ण खुर्चीत.

वर्षाने त्या पॅकेजच्या नव्या फ्लॉप्या आल्या. पाकिटावर इंग्रजीत माझं नाव होतं आणि खाली ‘ऑपरेटर’. सोबतच्या छापील पत्रात काय काय तयार ठेवा ती यादी तशीच, पण सगळ्यात वर एक नवी ओळ होती. ‘शेड’ नावाचा ग्रुप आधी करू नये. असल्यास आमच्या माणसाला सांगावे. ती ओळ डिक्शनरीशिवाय वाचता आली.

फ्लॉप्यांच्या डब्यात वहीच्या कागदाची एक चिठ्ठी होती, गुजरातीत, बारीक, गोल अक्षरात. खाली सही नव्हती. लिहिलं होतं, ‘बेन, या वेळी रुमाल टाकू नका. मी कॉपी दोनदा तपासली आहे.’

ती चिठ्ठी मी नऊच्या पानावर चिकटवली.